प्राण्यावर अत्याचार झाला तर पोलिसांत टिकेल अशी तक्रार कशी करायची

तक्रार अर्जात ‘मुक्या जिवाला न्याय मिळावा’ हे वाक्य हमखास असतं. कुत्रं कुठल्या रंगाचं होतं, नर की मादी, कुठला पाय मोडला, मारणाऱ्याच्या हातात काय होतं, हे मात्र नसतं. मग ठाणे अंमलदार तो कागद एनसीच्या, म्हणजे अदखलपात्र नोंदींच्या, रजिस्टरला चढवतो, अर्जदार ‘पोलीस काही करत नाहीत’ असं सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो आणि दोन दिवसांत विषय थंड होतो.

ओळखीपाळखीतून असे बरेच अर्ज माझ्या नजरेखालून गेले आहेत. कायद्यातला दंड किरकोळ आहे हे खरंच, पण बहुतेक प्रकरणं तिथवर पोचलीच नाहीत. त्याच्या कितीतरी आधी, क्रम चुकल्यामुळे पडली. कुणी आधी फेसबुकवर गेलं आणि मग ठाण्यात. कुणी मेलेलं कुत्रं पुरून टाकलं आणि मग विषबाधेची तक्रार केली. म्हणून हा लेख क्रमासाठी आहे. खालची कलमं केंद्रीय कायद्यांची आहेत, त्यामुळे गोव्यात किंवा इंदूर-बडोद्याकडे राहणाऱ्यांनाही ती लागू आहेत. ठाण्यातली भाषा मात्र महाराष्ट्राची.

## घटना घडण्याआधीची तयारी

प्रसंग आला की नंबर शोधत बसायला वेळ नसतो. फोनमध्ये आजच हे टाकून ठेवा: पोलिसांसाठी ११२, गाई-म्हशी-शेळ्यांच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२, वन्यप्राणी आणि पक्ष्यांसाठी महाराष्ट्र वनविभागाचा १९२६. याशिवाय जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर, महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाचा नंबर आणि रात्री-अपरात्री फोन उचलणारा एक खासगी डॉक्टर. शेवटचा सापडणं सगळ्यात अवघड, पण तोच सगळ्यात जास्त लागतो.

गाडीत किंवा घरात एक पिशवी भरून ठेवा. जुनी जाड चादर, दोन टॉवेल, सुती फडकं, क्रेप बँडेज, हातमोजे, झाकणाचं पुठ्ठ्याचं खोकं, मोजपट्टी. मोजपट्टी कशाला, ते पुढे कळेल.

## टप्पा १: आधी जनावर

व्हिडिओ काढायला आणखी कुणी असेल तर त्याला काढू द्या. तुम्ही एकटेच असाल तर वीस-तीस सेकंदांचं चित्रीकरण करा आणि फोन खिशात ठेवा.

जखमी कुत्रं, कितीही ओळखीचं असलं तरी, वेदनेत चावतं. तोंडाला फडकं सैलसर बांधा, मागे कानांच्या खाली गाठ मारा. उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा नाकातोंडातून रक्त येत असेल तर तोंड बांधू नका. मागचे पाय ओढत असेल तर मणक्याला मार असू शकतो, म्हणून उचलून कडेवर घेऊ नका. चादर शेजारी पसरा, त्यावर हळूच सरकवा आणि चार कोपरे धरून उचला. फळी मिळाली तर आणखी बरं.

मांज्यात अडकलेल्या घारीचा किंवा कबुतराचा मांजा ओढून काढायचा मोह टाळा. पंखात रुतलेला भाग तसाच राहू द्या, दोन्हीकडचे लोंबणारे धागे कात्रीने कापा आणि पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी घालू नका.

सावधान: विषबाधा झालेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या जनावराला दूध, मिठाचं पाणी, तूप, कोळसा यातलं काहीही घरच्या मनाने पाजू नका. झटके येत असताना पाजलेलं फुप्फुसात जातं आणि विषाने मरणार नव्हतं ते जनावर तुमच्या दुधाने मरतं. आडव्या पडलेल्या गाईच्या तोंडात बाटली घालणं ही तशीच चूक.

स्वतःसाठी: चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. ‘ओळखीचं कुत्रं आहे’ हे कारण चालत नाही.

## टप्पा २: प्रकरण कुणाचं, ते ठरवा

इथे चुकलं की पुढचे सगळे दिवस चुकीच्या दारात जातात.

कुत्रं, मांजर, गाय, बैल, घोडा, गाढव, कोंबडी यांच्यासाठी पोलीस ठाणं. साप, वानर, घार, घुबड, कासव, मोर, खार यांच्यासाठी वनविभाग, कारण ते वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये येतात आणि तिथे गुन्हा वनाधिकारी नोंदवतात. पिंजऱ्यातला आपला साधा हिरवा पोपटही वनविभागाचाच विषय आहे. तो पाळणं हाच गुन्हा, मग पिंजरा सोन्याचा का असेना. पोपटाची तक्रार घेऊन पोलिसांत गेलेले आणि तिथून हसत परत पाठवलेले लोक मी पाहिले आहेत. हसणाऱ्यांचं चुकलंच, पण दार चुकलं होतं हेही खरं.

नायलॉन मांजा विकणारा दुकानदार असेल तर तक्रार पोलिसांत करा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ पासून या मांज्यावर देशभर बंदी घातली आहे. दुकानाचा फोटो, रिळाचा फोटो आणि मिळालं तर बिल जोडा.

## टप्पा ३: पुरावा गोळा करा, पण हलवू नका

व्हिडिओ सलग हवा. सुरुवातीला आजूबाजूचा परिसर, दुकानाची पाटी किंवा इमारतीचं नाव, मग माणूस, मग जनावर, मग जखम जवळून. जखमेशेजारी मोजपट्टी धरून एक फोटो काढा. ‘मोठी जखम’ आणि ‘अकरा सेंटिमीटरची जखम’ यात फार फरक पडतो. गाडी असेल तर नंबरप्लेट.

मग त्या फाइलला हात लावू नका. गाणं टाकणं, काटछाट करणं, वर लाल बाण काढणं, सगळं बंद. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो आणि मूळ फाइलची माहिती निघून जाते, म्हणून पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ज्या फोनवर काढला तो फोन विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना त्याच कायद्याच्या परिशिष्टात दिलेला आहे. फोन ज्याचा, त्याने भाग अ वर सही करायची आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा. म्हणजे शेजाऱ्याने काढलेला व्हिडिओ तुम्ही जोडत असाल तर सही शेजाऱ्याचीच लागणार. तो तयार आहे का, हे आधीच विचारा.

सीसीटीव्हीचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. सोसायटीच्या सचिवाला किंवा दुकानदाराला त्याच दिवशी लेखी द्या की अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं. प्रत देणं न देणं त्याच्या हातात, पण पत्र दिलं की ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही.

विषबाधेचा संशय असेल तर रस्त्यावर टाकलेलं मटण, लाडू किंवा पोळीचा तुकडा उचलून पिशवीत भरू नका. त्यावर बादली किंवा टोपलं पालथं घाला, वर दगड ठेवा आणि पोलिसांनी पंचांसमोर उचलेपर्यंत तिथे थांबा. काठी, पाइप यांचंही तेच.

जनावर मेलं असेल तर महापालिकेची गाडी बोलावू नका आणि पुरूही नका. एका उपनगरातलं प्रकरण सांगतो. एका सकाळी गल्लीत पाच कुत्री तोंडाला फेस येऊन मेली. लोक हळहळले, हार घातले, फोटो काढले आणि दुपारपर्यंत मागच्या मोकळ्या जागेत पाचही पुरली. संध्याकाळी सगळे ठाण्यात. पहिलाच प्रश्न आला, ‘पीएम (शवविच्छेदन) कुठंय?’ चौथ्या दिवशी उकरून काढली तेव्हा पावसाने काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मेलेलं जनावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सावलीत ठेवा आणि भोवती बर्फाच्या पिशव्या लावा. डीप फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणी बिघडते.

इथे थांबून तपासा: मूळ फाइल सुरक्षित आहे? निदान दोन माणसं नाव, पत्ता आणि सही द्यायला तयार आहेत? भोवती जमलेल्या पन्नासांपैकी साक्षीदार म्हणून किती उरतात, ते नावं लिहायला घेतली की कळतं.

## टप्पा ४: डॉक्टरचा कागद

उपचार कुठेही करा, पण कागद नीट घ्या. नुसती औषधांची चिठ्ठी पुरत नाही. डॉक्टरांना सांगा की जखमेचा दाखला हवा आहे आणि त्यात जनावराचं वर्णन (रंग, लिंग, अंदाजे वय, ओळखीची खूण), तपासणीची तारीख-वेळ, प्रत्येक जखमेची जागा आणि माप, ती कशाने झाली असावी आणि कायमचं अपंगत्व येईल का, हे लिहून द्या. शेवटचा मुद्दा सोडू नका. ‘लंगडतो’ यावर कलम लागत नाही. ‘उजव्या मागच्या पायाचं हाड मोडलं, पाय पूर्ववत होण्याची शक्यता नाही’ यावर लागतं. एक्स-रेची प्रत घ्या.

शवविच्छेदन शक्यतो पोलिसांच्या पत्रावरून, सरकारी दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडून करून घ्या. विषबाधेत आतड्या-जठराचे नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवायचे असतात आणि ते सीलबंद होऊन पोलिसांमार्फतच जावे लागतात. तुम्ही स्वतः खासगी लॅबमध्ये नेलेल्या बरणीबद्दल आरोपीचा वकील एकच प्रश्न विचारेल: ही बरणी मधल्या दोन दिवसांत कुणाकडे होती?

## टप्पा ५: कलम समजून घ्या

सगळा खेळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११(१) मध्ये क्रूरतेचे प्रकार ‘ए’ पासून ‘ओ’ पर्यंत दिले आहेत. मारहाण, लाथ, अति ओझं हे ‘ए’ मध्ये. आजारी, जखमी किंवा म्हाताऱ्या जनावराला कामाला जुंपणं ‘बी’. त्रास होईल अशा रीतीने वाहनातून नेणं ‘डी’. आखूड किंवा जड साखळीने तासन् तास बांधून ठेवणं ‘एफ’. मालकाने अन्न, पाणी, निवारा न देणं ‘एच’. सोडून देणं ‘आय’. अवयव छेदणं किंवा क्रूरपणे ठार मारणं ‘एल’, आणि इथे कायद्याने कंसात भटक्या कुत्र्यांचा नावानिशी उल्लेख केला आहे. झुंजी लावणं ‘एम’ आणि ‘एन’.

शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पन्नास रुपयांत आता वडापावच्या दोन-तीन प्लेटा येतात. तरीही या कलमाला नाक मुरडू नका.

मुद्दा दखलपात्र असण्याचा आहे. याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ११(१) मधले फक्त ‘एल’, ‘एन’ आणि ‘ओ’ दखलपात्र आहेत. म्हणजे एफआयआर होतो आणि पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास करू शकतात. बाकीचे सगळे अदखलपात्र, म्हणजे एनसी. नुसतं ‘मारहाण केली’ लिहिलं की तुम्ही ‘ए’ मध्ये जाता आणि एनसीवर थांबता. अंमलदार तिथे कायद्यानेच वागत असतो.

आता दुसरा कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३२५ मध्ये कोणत्याही प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, अपंग करणं किंवा निरुपयोगी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे, आणि हे कलम दखलपात्र आहे. पूर्वीची ४२८ आणि ४२९ ही दोन कलमं यात आली. प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास, ही जुनी भानगड गेली. अजूनही लोक ४२९ लिहून नेतात. जुलै २०२४ नंतरच्या घटनेला ते लागू नाही.

आणि जोडकाम: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपास आणि खटल्याच्या पद्धतीचा कायदा) कलम १७४ प्रमाणे एकाच प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. म्हणून हाड मोडलं असेल, डोळा गेला असेल, जनावर मेलं असेल, तर ३२५ आणि ११(१) दोन्ही एकत्र लिहा.

सावधान: म्हणून काहीही झालं तरी ३२५ ठोकू नका. दोन काठ्या मारल्या आणि कुत्रं पळून गेलं, तर ते ‘ए’ आहे. फुगवलेला अर्ज पहिल्याच जबाबात फुटतो आणि पुढच्या वेळी त्याच ठाण्यात तुम्हाला कुणी बसायला सांगत नाही.

आणखी एक: मराठी टंकलेखनात ‘ए, बी, सी, डी’चं ‘अ, ब, क, ड’ होतं आणि त्यात अक्षरं घसरतात. कलमाच्या पुढे कृत्य शब्दांत लिहाच.

## टप्पा ६: अर्ज लिहा

एक पान पुरतं. हा एक अर्ज माझ्याकडे आला होता, तपशील बदलून देतो:

‘आमच्या भागात एक विकृत इसम नेहमी कुत्र्यांचा छळ करतो. काल तर त्याने क्रूरतेची परिसीमा गाठली. निष्पाप जिवाला निर्दयपणे झोडपले. तरी अशा नराधमास कठोर शासन व्हावे.’

यात तारीख नाही, जागा नाही, नाव नाही, जखम नाही. आम्ही तो असा लिहिला:

‘दि. १४ जून रोजी सकाळी ७.१० च्या सुमारास मी दूध आणण्यास जात असताना आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीसमोर, तळमजल्यावर राहणारे (नाव) यांनी सुमारे तीन फूट लांबीच्या लोखंडी पाइपने एका तपकिरी रंगाच्या कुत्रीच्या पाठीवर व उजव्या मागच्या पायावर चार वेळा मारल्याचे मी वीस फुटांवरून स्वतः पाहिले. सदर कुत्रीच्या डाव्या कानाला नसबंदीची खाच आहे. तिच्या उजव्या मागच्या पायाचे हाड मोडल्याचा पशुवैद्यकांचा दाखला व एक्स-रे सोबत जोडला आहे. घटना आणखी दोघांनी पाहिली असून त्यांची नावे खाली दिली आहेत. माझ्या मोबाइलवरील ४२ सेकंदांची मूळ चित्रफीत उपलब्ध आहे.’

राग काढून टाकला आणि अर्ज उभा राहिला. जे पाहिलं तेच लिहा. ऐकीव असेल तर ‘अमुक यांनी मला सांगितले’ असं लिहा. कानाच्या खाचेचा उल्लेख मुद्दाम आहे. ‘भटकं कुत्रं, मालक कोण?’ हा प्रश्न ठाण्यात येतोच. सरकारी पैशाने नसबंदी आणि लसीकरण झालेलं जनावर आहे, नुकसान जनतेचं आहे, हे त्या खाचेवरून सांगता येतं.

अर्जाच्या दोन प्रती काढा. जोडपत्रांना क्रमांक द्या.

## टप्पा ७: ठाण्यात

एकटे जाऊ नका आणि पंधरा जणही जाऊ नका. साक्षीदारासह तिघं पुरे. कायद्याच्या कलमांची छापील पानं सोबत ठेवा, पण आल्या आल्या टेबलावर आपटू नका. प्राण्यांची प्रकरणं अंमलदाराकडे रोज येत नाहीत. ‘साहेब, हे ३२५ दखलपात्र आहे, जरा बघता का’ एवढ्याने निम्म्या वेळा काम होतं.

ऐकायला मिळणारी वाक्यं आणि त्यावर काय करायचं:

‘घटना आमच्या हद्दीत नाही.’ दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, शून्य क्रमांकाने नोंदवून ती पुढे पाठवतात. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३.

‘आधी चौकशी करतो, मग बघू.’ तीन वर्षं किंवा जास्त पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करायला कायद्याची मुभा आहे. ३२५ त्यात बसतं. तेव्हा भांडू नका, पण अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, आणि चौदा दिवस मोजा.

‘अर्ज ठेवून जा.’ पोच घेतल्याशिवाय उठू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

एफआयआर झाला तर त्याची प्रत फुकट मिळते, ती तिथेच वाचा. रंग, अवयव, वेळ, कलम बरोबर आहे का पाहा आणि मगच सही करा. ऑनलाइन खबर दिली असेल तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती नोंदली जात नाही.

नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना (शहरात असाल तर आयुक्तालयातल्या वरिष्ठांना) लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा. तिथूनही काही झालं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. त्या अर्जाला प्रतिज्ञापत्र आणि अधीक्षकांना केलेल्या अर्जाची प्रत लागते, म्हणून पोस्टाची पावती सांभाळा. आणि प्रकरण एनसीचंच असेल तर एनसीची प्रत घेऊन न्यायदंडाधिकाऱ्याकडून तपासाचा आदेश मागता येतो. हा रस्ता फार कमी लोक धरतात.

मोठी घडी: १९६० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांनंतर त्या कायद्याखाली खटला दाखल करता येत नाही. ‘साहेब बदलले की बघू’ म्हणत तीन महिने घालवले की हातात फक्त ३२५ उरतं, आणि जिथे ते लागूच नव्हतं तिथे काहीच उरत नाही. घटनेच्या दिवशीच कॅलेंडरवर नव्वदावा दिवस लाल करा.

## टप्पा ८: जनावराचा ताबा

मालकाचंच जनावर असेल, तर ते उचलून घरी आणू नका. उपाशी कुत्रा बाल्कनीत दिसतोय म्हणून कुलूप तोडून आत गेलात, तर आरोपी तुम्ही व्हाल. १९६० च्याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी जनावर जप्त करून तपासणीसाठी नेऊ शकतो. तशी लेखी विनंती करा आणि जिल्हा प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटीलाही प्रत द्या.

जप्तीनंतर जनावर ‘मुद्देमाल’, म्हणजे खटल्यातली जप्त मालमत्ता, होतं. जप्त जनावरांच्या देखभालीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे खटला चालू असताना त्याला पांजरपोळ, गोशाळा किंवा प्राणी संस्थेकडे ठेवायचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात आणि देखभालीचा खर्च मालकावर टाकू शकतात. तुम्ही सांभाळणार असाल तर सुपूर्तनामा (ताबा दिल्याचा कागद) करूनच घ्या आणि चाऱ्या-औषधाच्या पावत्या ठेवा. दोषी मालकाकडून जनावर कायमचं काढून घ्यायची सोय कलम २९ मध्ये आहे, ती मागणी अर्जात आधीच नोंदवा.

बाल्कनीतल्या कुत्र्याच्या बाबतीत खरं सांगू? कित्येकदा मालक नोकरीपायी पिचलेला असतो. सोसायटीच्या लेटरहेडवर कलम ‘एफ’ आणि ‘एच’ लिहिलेलं एक सभ्य पत्र गेलं की साखळी लांब होते, पाण्याचं भांडं येतं. जिथे जीव धोक्यात नाही तिथे पत्र आधी.

## ऊसतोडीच्या हंगामात: बैलगाड्या

पश्चिम महाराष्ट्रातून आणि मराठवाड्यातून दर हिवाळ्यात हाच प्रश्न येतो. रस्त्यात गाडी अडवून गाडीवानाशी हुज्जत घालणं ही सगळ्यात मोठी चूक. तो माणूस उचल घेऊन आलेला असतो आणि खेपेवर त्याचं पोट असतं.

इथे पुरावा कारखान्याच्या काट्यावर असतो. वजनाच्या पावतीवर भरलेल्या गाडीचं वजन, तारीख आणि वेळ छापलेली असते. १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांच्या नियमांत बैलाचा आकार आणि गाडीची चाकं यांवर कमाल वजन ठरतं, चढाच्या रस्त्याला ते आणखी कमी होतं. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपता येत नाही. खिळा लावलेली पराणी वापरायलाही मनाई आहे. हंगामाच्या शेवटी, मार्च-एप्रिलमध्ये, हा उन्हाचा नियम सर्रास मोडतो.

अर्ज एका गाडीवानावर करण्याऐवजी जिल्हाधिकारी आणि जिल्हा प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटीच्या नावे, कारखान्याला प्रत देऊन करा. मागणी नेमकी ठेवा: काट्यावर बैलगाडीची वजनमर्यादा पाळावी, दुपारी थांबायला सावली आणि पाण्याचा हौद असावा, तळावर पशुवैद्यक यावा. खांद्याला जखमा झालेले बैल तळावरच दिसतात. तिथे १९६२ ला फोन करायला गाडीवानालाच सांगा, पुष्कळांना तो नंबर माहीत नसतो.

## टप्पा ९: पाठपुरावा

एक वही करा. तारीख, कुणाशी बोललो, काय म्हणाले. तपास अधिकाऱ्याचं नाव आणि बक्कल नंबर पहिल्या पानावर. नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर तसं लेखी विचारा.

या काळात आरोपीचा फोटो, पत्ता, गाडीचा नंबर समाजमाध्यमांवर टाकू नका. बदनामीची उलट तक्रार आली की तुमचा अर्ज तडजोडीच्या टेबलावर जातो, आणि तडजोडीत कुत्र्याच्या बाजूने बोलायला कुणी नसतं. आरोपी अल्पवयीन असेल तर त्याची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

साक्षीदारांना अधूनमधून फोन करत राहा. खटला उभा राहायला वेळ लागतो, लोक घर बदलतात, नंबर बदलतात. समन्स आलं की तारखेच्या आदल्या दिवशी आपला जबाब आणि अर्ज पुन्हा वाचा. कोर्टात जाताना मूळ फोन, त्याचा चार्जर, डॉक्टरांचा मूळ दाखला आणि एक्स-रे पिशवीत घ्या. त्या तपकिरी कुत्रीच्या तारखेला आमचा फिर्यादी सगळं घेऊन गेला होता, फक्त फोनला चार्जिंग नव्हतं.